तळचं बूच

आसाराम ढिवर आमच्या गावात कुणालाच आवडत नव्हता, आणि याबाबतीत गाव चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. माणूस होताच तसा. तेरवीच्या पंगतीला बसला की पहिल्या घासालाच म्हणायचा, वरण पाणचट आहे. रामराम घातला तर नुसता ‘हो’ म्हणायचा. त्याची बायको रेवताबाई कोंढ्याच्या बाजारात मासोळ्या घेऊन बसे, आणि हा तिच्याच मागं उभा राहून गिऱ्हाइकाला सांगे, “कालच्या आहेत. नोको घेऊ.” ती बिचारी कपाळावर हात मारून घ्यायची. माझे वडील वारले तेव्हा सगळं गाव आमच्या अंगणात डोळे पुसत उभं होतं. हा गर्दीतून पुढं आला आणि मला म्हणाला, “खुशाल, पान्याची पाळी आता कोनाची धरू? तुही का तुह्या मायची?” चिता अजून विझायची होती. त्या दिवशी हा माणूस माझ्या डोक्यात गेला तो गेलाच.

त्याच्यावाचून कुणाचं चालत नव्हतं, हे खरं दुखणं. आमचं गाव पवनीच्या बाजूला, कोंढ्यापासून दोन कोस आत. वर तलाव, तलावाला मातीची पाळ, पाळीखाली घरं आणि घरांच्या पुढं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. पाळीला लागून पाण्यात एक दगडी तुडूम उभं आहे. बाहेरगावच्या माणसाला तुडूम म्हणजे काय ते सांगावं लागतं. आतून पोकळ असा दगडांचा उभा खांब, वरचं तोंड उघडं. त्याच्या अंगाला एकाखाली एक चार भोकं, आणि प्रत्येक भोकाला लाकडाचं बूच. बूच काढलं की पाणी खांबाच्या पोटात पडतं, पाळीखालच्या मोरीतून पलीकडं निघतं आणि पाटानं बांध्यांत जातं. तलाव जसा उतरेल तसं खालचं बूच काढत जायचं. हे काम आसारामच्या घराकडे. त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे हेच करत आले. बुडी मारायची, श्वास धरायचा, आणि हातानं चाचपून बूच काढायचं किंवा बसवायचं.

भोकं चार असली तरी उघडायची तीनच. तळचं उघडायचं नाही, असा रिवाज होता. का उघडायचं नाही हे गावात कुणालाच नीट माहीत नव्हतं. तेवढं पाणी ढोरांचं आणि मासोळीचं, असं म्हातारे म्हणायचे आणि विषय संपायचा.

एकोणऐंशी साली पोळ्यानंतर पाऊस गेला तो परत फिरकलाच नाही. नवरात्र लागलं तेव्हा धान निसवत होतं, म्हणजे लोंब बाहेर पडत होती, आणि नेमकं तेव्हाच तिसऱ्या भोकातून येणारं पाणी बंद झालं. तलावात राहिलं ते फक्त तळचं, कमरेएवढं. माझी बांधी सगळ्यांत खाली, पाटाच्या शेपटाला. घरात मी आणि आई, कौशल्याबाई. आमचं वर्षभराचं खाणं त्या एका बांधीवर. आणखी एक पाणी मिळालं असतं तर दाणा भरला असता. नाही मिळालं तर ढोरांपुढं टाकायला नुसती तणीस. आमच्याकडे पाळी शेपटाकडून वर येते, तेव्हा चौथं बूच निघालं असतं तर पहिलं पाणी माझंच होतं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी सगळे कास्तकार मिळून सरपंचांच्या, म्हणजे पुंडलिकरावांच्या, ओसरीवर जमले. आसारामला बोलावणं गेलं. तो आला आणि बसा म्हटलं तरी बसला नाही.

“आसाराम, या वर्षी तळचं काढा लागते,” पुंडलिकराव म्हणाले.

“नाई.”

“काहून नाई?”

“पाळ फाटते.”

“पानी काढल्यानं पाळ कशी फाटन बावा? पानी जास्त झालं तर फाटते.”

“फाटते म्हंतो ना. तुमच्या बापानं कधी इचारलं नाई, तुमी काहून इचारून राहिले?”

झालं. एवढाच त्याचा खुलासा. सरळ दोन वाक्यं नीट समजावून सांगितली असती तर जीभ झिजली असती का याची? मागून कुणीतरी म्हणालं, आपल्या जातभाईंच्या मासोळ्या वाचवून राहिला हा. तेव्हा दारापाशी उभी असलेली रेवताबाई उसळली. “कोनाच्या मासोळ्या वो? एवढ्याशा पान्यात मासोळी कोंबून राहिली, हातानं धरता येते, अन् हा आमच्याच लोकाइले जाळं टाकू देत नाई! चिखल तुडवान म्हंते. माह्या भावानं बोलनं सोडलं याच्याशी.” म्हणजे धानवालेही त्याच्या नावानं बोटं मोडत होते आणि ढिवरही. आसारामनं बायकोकडं पाहिलं नाही. “झालं ना?” म्हणाला आणि निघून गेला.

ओसरीवरून उठताना पुंडलिकराव कुणाचंही नाव न घेता बोलले, “आता कोनी काढलंच, तर गाव काही त्याले फासावर लटकवनार नाई.” ते माझ्याकडं पाहून बोलले नव्हते. पण मी ऐकलं.

दोन दिवसांनी कोंढ्याचा बाजार होता. आसाराम आणि रेवताबाई सकाळीच टोपली घेऊन गेले. ते वळणापलीकडं दिसेनासे होताच मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खांद्यावर टाकली आणि पाळीवर गेलो. पाण्यात उतरलो, तुडमापाशी गेलो, पायानं चाचपलं तर बूच सापडलं. किती वर्षांचं ते बसलेलं, फुगून दगडाशी एकजीव झालेलं. सब्बलीनं उचकटायला मला तासभर लागला असेल. ते निघालं आणि पाण्यानं असा घुर्र आवाज केला की माझ्या अंगावर काटा आला. मग आनंद झाला. सब्बल पाळीच्या मातीत रोवून मी वाकलो, भोक पुरतं मोकळं झालं का बघायला पाय पुढं केला, आणि चिखलात टाच घसरली.

पाय मांडीपर्यंत भोकात गेला. मी बदकन बसलो, आणि बसल्यावर पाणी माझ्या हनुवटीला लागलं. पाय ओढला तर हलेना. तुडमाचं ओढणं काय असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. सगळा तलाव माझ्या मांडीवर येऊन बसला होता. मी बोंब ठोकली.

गाव जवळच. लोक धावत आले, आई आली. दोघांनी पाण्यात उतरून मला काखेत धरून ओढलं तेव्हा मांडीचं कातडं सोलत गेलं आणि मी अशी किंकाळी फोडली की त्यांनी हात सोडले. मग पुंडलिकराव पाळीवर येऊन उभे राहिले. त्यांनी आधी पलीकडं पाटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पाटाला पाणी लागलं होतं.

“खुशाल, दम घेता येते ना नीट?”

“येते.”

“मंग बस लेका तसाच. पानी उतरलं का ओढनं कमी होईन, आपोआप सुटशीन. लई तं दिवस बुडते.”

सगळ्यांनी माना हलवल्या. आईनंही. “उन्ह आहे राजा, थंडी नाई वाजनार. तवरोक आपल्या बांधीत पानी पोचते,” ती म्हणाली आणि मला भाकर आणायला घरी जायला निघाली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. पाय अडकला तर अडकला, धान वाचतंय. चोरीचा आरोप नको, भांडण नको, मी नुसतं बसून राहायचं. गाव माझ्यावर इतकं खूश मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

बसल्या बसल्या समोर पाहण्यासारखं काहीच नव्हतं, फक्त पाळ. तुडूम आणि पाळ यांच्या सांदीत मी रुतलो होतो, नाकासमोर हातभर अंतरावर पाळीचा आतला उतार. एरवी हा भाग पाण्याखाली असतो. उतरत्या पाण्यानं तो महिनाभरापासून उघडा पडला होता. तिथं भेगा होत्या. मातीला भेगा पडतातच, त्यात नवल नाही, म्हणून आधी मी लक्ष दिलं नाही. मग सहज म्हणून एका भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेला. बोटांना शेवट लागेना. मी जवळ रोवलेली सब्बल उपटली आणि त्या भेगेत सरकवली. सरकत गेली, सरकत गेली, माझ्या मुठीपर्यंत पुरती आत गेली, आणि कशालाही टेकली नाही.

मी खाली पाहिलं. पाण्याच्या रेघेला लागून जी माती होती ती मात्र अखंड, गुळगुळीत, ओली. पाळीचं वरचं अंग पार तडकलं होतं आणि फक्त पायथा शाबूत होता, कारण त्या पायथ्याला हे कमरेएवढं पाणी होतं. ते पाणी माझ्या मांडीजवळून घुर्र करत बाहेर चाललं होतं. पायथाही असाच उघडा पडून उन्हाळाभर तडकला, आणि पुढच्या आषाढात तलाव भरला, तर? पाळीच्या पलीकडं आमचं घर होतं. सगळ्यांचीच घरं होती. ‘पाळ फाटते,’ तो म्हणाला होता. दोन शब्दांत सगळं सांगून झालं होतं त्याचं. आम्हाला तो सांगतोय असं वाटलंच नव्हतं.

मी पुंडलिकरावांना हाक मारली. “भेगा पाहा इथं, सब्बल पुरी जाते!” ते म्हणाले, “हो हो, तू बोलू नोको, नाकात पानी जाईन.”

तेवढ्यात आसाराम आला. कोंढ्याहून परतीच्या वाटेवर पाट आडवा येतो. त्यात पाणी पाहून रेवताबाईला टोपलीसकट तिथंच सोडून तो धावत आला होता. पंचावन्न-साठीचा माणूस, छातीचा भाता झालेला. मला पाहिलं आणि म्हणाला, “मले वाटलंच, थो हेच गधडं असंन.” पुंडलिकराव समजावू लागले, की आता झालं ते झालं, संध्याकाळपर्यंत पोरगा सुटतो, तू कायले तरास करतो. त्यानं ऐकलंच नाही. पाण्यात उतरला, हात खाली घालून माझ्या मांडीला कचकून चिमटा घेतला.

“लागते का?”

“नाई.”

“इथं?”

“तिथंबी नाई.”

तो पाण्यात थुंकला. माझा पाय मेल्यासारखा झालाय हे तेव्हा मला कळलं, आणि दिवस बुडेपर्यंत तो उरणार नाही हेही. आसाराम बाहेर निघाला, पाळ चढला आणि पलीकडं उतरून गेला.

पुढचं मला दिसलं नाही, पाळीवरच्यांनी पाहिलं. भाकर घेऊन परतलेली आई तिथंच उभी राहिली. आसारामनं कमरेचं धोतर सोडून त्याचा बोळा केला. मोरीच्या तोंडाशी पाटात बसला, पाण्याकडं पाठ करून. पाय पुढच्या दगडांना टेकवले आणि रेटत रेटत पाठीनं मोरीचं तोंड बंद केलं. कडेच्या फटींत धोतर कोंबलं. आधी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी फुत्कारत उडालं, मग कमी झालं, मग नुसतं झिरपू लागलं. अख्ख्या तलावाला त्यानं पाठ लावली होती. मोरीला दुसरं काही बसवायला शोधत बसला असता तर तोवर माझा पाय गेला असता.

मला एवढंच कळलं, की तुडमाच्या वरच्या उघड्या तोंडातून आवाज येतोय. दगडाच्या पोटातून, पाळीखालून, कुठून तरी खोलातून शिव्या येत होत्या. माझ्या बापाला, माझ्या आज्याला, पुंडलिकरावाला, रेवताबाईच्या भावाला, एकामागून एक. इतक्या घाण शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. आणि मी त्या देवळात ऐकावं तशा ऐकत होतो, हात जोडले नव्हते इतकंच. हा म्हातारा त्या अंधाऱ्या भोकाच्या तोंडाशी उघड्या अंगानं बसलाय, आणि मी इथं बसलोय, आणि आमच्या मधोमध सगळं पाणी आहे. तुडमात पाणी चढू लागलं तसा त्याचा आवाज बारीक होत गेला, आणि आतलं पाणी बाहेरच्याला भिडलं तसं माझ्या मांडीवरचं ओढणं सैल पडू लागलं. मी दोन्ही हात चिखलात रोवून जोर लावला. पाय निघाला. पांढरा फटक, सुरकुतलेला, कातडं लोंबणारा, पण माझा.

“निंगाला का बे?” पाळीच्या पलीकडून ओरडणं आलं.

“निंगाला!”

“बूच लाव.”

बूच माझ्याजवळच कमळाच्या पानात तरंगत होतं. पाण्यात मी एकटाच होतो. मी वर पाहिलं. पाळीवर पन्नास माणसं उभी होती आणि एकाचीही नजर माझ्या नजरेला मिळेना. कुणी काही वाईट सांगत नव्हतं. पुंडलिकराव हळूच म्हणाले, “तू बाहेर निंग खुशाल. थकला का उठन थो.” तेवढंच हवं होतं. तो थकेपर्यंत कुणी काही करायचं नव्हतं. मग पाणी आपलंआपण वाहिलं असतं आणि कुणाच्याच माथी काही आलं नसतं.

“बाहेर ये राजा,” आई म्हणाली. तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकर होती. “पानी अर्ध्या पाटात गेलं आहे. येजो ना बाहेर.”

मी तिच्याकडं पाहिलं. वडील गेल्यापासून चिखलात कमरेतून वाकून ती बांधी तिनं रोवली होती. लोंबीतला दाणा दाबला की दूध निघत होतं, कालच आम्ही दोघांनी दाबून पाहिला होता. समोरच पाळीचा उतार होता, दहा पावलं चढलो असतो की संपलं.

“लाव बे,” पलीकडून आवाज आला. या वेळी शिवी नव्हती. दम पुरत नव्हता म्हणून असेल.

मी बूच उचललं. वाकलो, पाण्यात तोंड घातलं, भोक चाचपलं आणि बूच त्यात घालून दोन्ही तळव्यांनी रेटलं. मग सब्बलीच्या मागच्या टोकानं ठोकलं. प्रत्येक ठोक्याला मला माझी बांधी दिसत होती. वर आलो तेव्हा मी रडत होतो, पण ओल्या तोंडावर ते कुणाला कळलं नसावं. “लावलं!” मी ओरडलो, आणि आईनं तोंड फिरवलं.

आसाराम पाळीवर आला तेव्हा त्याला ताठ उभं राहता येत नव्हतं. कुणीतरी त्याच्यावर दुपट्टा टाकला. पाठीला मोरीच्या दगडांनी चौकोन कोरला होता, रक्त पायांवरून ओघळत होतं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी हा काही बोलेल. खांद्यावर हात ठेवेल. एकदा तरी मला नावानं हाक मारेल.

त्यानं तुडमात डोकावून पाहिलं. कान लावला.

“गळते,” तो म्हणाला. “उलटं लावलं. बारीक टोक बाहेर ठेवलं गाढवानं. बूच लावाची अक्कल नाई अन् म्हने पानी पाह्यजे.”

मी पुन्हा उतरलो. त्याला वाकता येत नव्हतं म्हणून तो वरून सांगत होता, डावीकडं, आणखी खाली, अबे त्या हातानं नाही. बूच उपटून फिरवून मी नीट बसवलं. या खेपेला बसताना बुचानं माझ्या तळव्यात एक ठोका दिला, आणि घुर्र आवाज एकदम थांबला. पाणी जिथं होतं तिथं थांबलं, जुन्या रेघेपासून चारच बोटं खाली.

पाटातलं पाणी माझ्या बांधीपर्यंत पोचलंच नाही. आठव्या दिवशी लोंब्या पांढऱ्या पडल्या. आई आणि मी तणीस कापली. कापताना तिनं आसारामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मधूनमधून माझाही. तो हिवाळा मी लाखनीला हमरस्त्यावर ट्रक भरण्या-उतरवण्यात काढला. पुढच्या आषाढात पाऊस असा लागला की तलाव आठवड्यात तुडुंब झाला. मी रोज सकाळी पाळीखाली जाऊन माती हातानं दाबून पाहायचो. वरच्या भेगा पावसानं मिटल्या होत्या, आणि पाझर एकदासुद्धा हाताला लागला नाही.

आसारामच्या वागण्यात काही फरक पडला असेल असं वाटत असेल तर नाही. माझ्या लग्नात त्यानं मांडवात सगळ्यांदेखत विचारलं, एवढी काळी बायको कुठून शोधली. त्याची पाठ पुन्हा कधी सरळ झाली नाही, आणि त्याबद्दलही तो रोज कुणाला ना कुणाला बोल लावायचा. मला तो आवडला नाही. आवडण्यासारखं त्यानं कधी काही केलंच नाही.

पण तो दिसला की मी उठून उभा राहायचो. चहाच्या टपरीवर असो, मंडईच्या गर्दीत असो, जेवणाच्या पंगतीत हात खरकटा असला तरी. आपोआप व्हायचं ते. लोक हसायचे. त्याला तर फार राग यायचा.

“बस ना बे खाली,” तो खेकसायचा. “कायले उभा राहिला बैलावानी?”

तो पुढं जाईपर्यंत माझ्याच्यानं बसवत नसे.